वायरीची वाट

मिस्त्रींनी बराच वेळ वायरला हातच लावला नाही. खिशातून सुतळीचा गुंडा काढला, त्याचं एक टोक बॅटरीजवळ चिकटपट्टीनं डकवलं आणि तिथून सुतळी सोडत निघाले. फेंडरच्या आतल्या कडेनं पुढे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीमागून पलीकडे, मग खाली बंपरपर्यंत. प्रत्येक वळणावर सुतळीला एक गाठ. बॉनेट लावून पाहिलं, उघडून पाहिलं. मला आत बसवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं आणि स्वतः जमिनीवर आडवे होऊन सुतळी कुठे ओढली जाते का ते बघत राहिले. इंजिन चालू करून पंख्याचा वारा सुतळीला कुठे हलवतो तेही पाहिलं. एका ठिकाणी ती थरथरली. तिथली गाठ सोडून त्यांनी वाट बदलली.

नाशिकला, सातपूर औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी हे पाहत होते. तासभर झाला तरी सुतळीच चालली होती. शेवटी न राहवून विचारलं, "काका, वायर कधी घालणार?"

"घालू ना ताई. घाई काय करू राहिल्या? वायर एकदा कापली का लांब होत नाही."

एवढं बोलून ते पुन्हा गाडीखाली गेले. मला घाई का होती आणि तरीही मी तिथे का थांबले होते, ते सांगायला हवं.

माझी जीप जुनी आहे. एमएम ५४०, ताडपत्रीच्या टपाची, पुढची काच बिजागरीवर आडवी पडणारी. तिच्या हेडलाइटचा उजेड पावसाळ्यात पुरेनासा झाला, म्हणून मी हायवेवरच्या एका दुकानात बंपरवर दोन जादा हॅलोजन दिवे बसवून घेतले. काम चाळीस मिनिटांत झालं. पोरगा हुशार आहे, हात चालतो, असं मला वाटलं. तीन आठवड्यांनी आम्ही दोन गाड्या घेऊन राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूनं उधेवाडीपर्यंतची ती वाट पंधरा-सोळा किलोमीटरची. पावसात तिच्यावर ओढे आडवे वाहतात, दगड सुटे होतात, आणि संध्याकाळ झाली की दरीतून धुकं वर येतं. परतताना एका ओढ्याच्या मध्यावर माझे जादा दिवे दोनदा लुकलुकले आणि गेले. त्यांच्यापाठोपाठ हेडलाइटही गेले. मग जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बॉनेटच्या फटीतून धूर दिसला तेव्हा मी डॅशवरचं बटण बंद केलं, चावी काढली, तरी धूर थांबेना. पुढच्या गाडीतला मित्र पान्हा घेऊन धावत आला, बॅटरीचं टर्मिनल सैल करून उपटलं, तेव्हा थांबला. बाकीची वाट मी त्याच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत, शेजारच्या सीटवरून कुणीतरी धरलेल्या टॉर्चच्या उजेडात काढली.

चावी काढूनही धूर का थांबला नाही, हा प्रश्न घेऊन मी नाशिकला आले होते.

मिस्त्रींनी जळलेलं वेटोळं बाहेर काढून फळीवर पसरलं आणि एकेक जागा बोटानं दाखवली. वायर घरगुती होती, भिंतीत घालायची. साधारण घरगुती वायरचं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेलं असतं. बॉनेटखाली, एक्झॉस्टच्या आसपास, तेवढी उष्णता सहज होते. गाडीच्या वायरचं आवरण १०५ अंश किंवा त्याहून जास्त सोसणारं मिळतं, आणि तिच्या आत तारा बारीक नि पुष्कळ असतात, म्हणजे हादऱ्यानं त्या तुटत नाहीत. दुसरी जागा: प्लॅस्टिकच्या टायनं वायर ज्या नळीला बांधली होती ती नळी एक्झॉस्टपासून चार बोटांवर. टाय गरम होऊन सैल पडला, वायर ओघळली, मॅनिफोल्डला टेकली. तिसरी जागा: फायरवॉलच्या पत्र्याला पाडलेलं भोक. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट नव्हता. पत्र्याची धार वायरला प्रत्येक खड्ड्यात थोडी थोडी कापत होती. चौथी जागा: जॉइंट. आवरण दातानं सोललेलं, त्यात निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या मुरगळून वर काळी टेप मारलेली. उष्णतेनं टेपचा डिंक वितळून ती चिंधीसारखी सुटली होती.

आणि मुख्य म्हणजे बॅटरीपासून निघालेल्या तारेवर फ्यूज कुठेच नव्हता. दुकानातल्या पोरानं बॅटरीच्या प्लसवरून थेट तार आणून ती डॅशवरच्या बटणात घातली होती, आणि बटणातून निघालेली तार पुढे हेडलाइटच्या जुन्या वायरीत मिसळली होती. बटणाच्या अलीकडचा भाग बटण बंद असतानाही जिवंतच. तोच भाग ग्रोमेट नसलेल्या भोकात सोलून पत्र्याला लागला होता. चावीचा त्या तारेशी काही संबंधच नव्हता.

फ्यूज दिव्याला वाचवतो असं मला इतकी वर्षं वाटत होतं. फ्यूज वायरला वाचवतो. दिवा गेला तर शे-दोनशेचं नुकसान. वायर शॉर्ट झाली तर बॅटरी तिच्यातून काहीशे अँपिअर ढकलू शकते आणि तार चुलीतल्या सळईसारखी लाल होते. म्हणून फ्यूजची जागा बॅटरीजवळ, वीतभर अंतराच्या आत. केबिनमध्ये हाताशी असावा म्हणून तिकडे बसवला, तर बॅटरीपासून केबिनपर्यंतची सगळी तार उघडी पडते, आणि नेमकी तीच तार इंजिनच्या सगळ्यात गरम, सगळ्यात हलत्या भागातून जाते. हिशेबही अवघड नाही. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला भागले की ९ अँपिअरच्या थोडं वर. त्यावर पाव हिस्सा सवलत ठेवली तर साडेअकरा. त्याच्या वरचा बाजारात मिळणारा फ्यूज १५ चा, निळ्या रंगाचा. १० चा लाल असतो, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. या रंगांत फसवणूक नसते. फसवणूक होते ती फ्यूज उडाल्यावर त्याच्या पायांना तारेचा वेढा देऊन तो पुन्हा बसवला जातो तेव्हा. अशा गाड्या मी ट्रेकच्या तळावर कितीदा पाहिल्या आहेत, आणि कधी काही बोलले नाही. आता बोलते.

माझ्या गाडीचे मूळचे हेडलाइट मंद का, हा वेगळा प्रश्न होता. जादा दिव्यांची इच्छा मुळात त्यातूनच जन्मली. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. हेडलाइटच्या बल्बच्या मागे १२.२. मधल्या मधे १.६ व्होल्ट गायब. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून डॅशवरच्या बटणापर्यंत येतो, बटणातून जातो आणि परत पुढे जातो. पाच मीटरची बारीक तार, घासलेलं बटण, गंजलेला अर्थ, म्हणजे चॅसिसचा जोड. प्रत्येकानं थोडं थोडं खाल्लं. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला दर मीटरमागे १७ मिलिओहमच्या आसपास रोध असतो. पाच मीटर आणि ९ अँपिअर धरले तर पाऊण व्होल्ट तारेतच गेला. बाकीचा बटणानं नि अर्थनं घेतला. दीड व्होल्टनं काय होतं असं कुणालाही वाटेल. पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजबरोबर सरळ उतरत नाही, जवळपास साडेतीन घातानं कोसळतो. व्होल्टेज बारा टक्क्यांनी कमी झालं की उजेड एक-तृतीयांशानं जातो. मी पैसे देऊन नवे दिवे विकत घेत होते, तेव्हा जुन्या दिव्यांचा तिसरा हिस्सा उजेड वाटेतच हरवत होता.

इलाज रिलेचा. दिव्याचा मोठा करंट बॅटरीजवळून थेट पुढे न्यायचा, जाड तारेनं, जवळच्या वाटेनं. आणि डॅशवरच्या बटणानं फक्त रिलेला सांगायचं की जोड. रिलेच्या गुंडाळीला अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा पुरतो. त्याच्या पायांवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. जर्मन मानकातून आलेले हे आकडे सातपुरातही तेच आणि साओ पावलोतही तेच. "तीसमधून येतं, सत्त्याऐंशीतून जातं, पंच्याऐंशी-शहाऐंशी हे निरोपे," मिस्त्री आपल्या हाताखालच्या पोराला सांगत होते. निरोप नेणाऱ्याच्या डोक्यावर पोतं द्यायचं नाही, हे त्या पोराला न सांगताच कळलं असावं, कारण त्यानं लगेच बटणाकडची तार बारीक निवडली आणि बॅटरीकडची अडीच एमएमची.

रिले बसवण्यातही वाटेचाच विचार. पाय खाली करून बसवायचा, म्हणजे पाणी आत थांबत नाही. आणि रिलेकडे येणाऱ्या तारेला शेवटी खाली एक झोल द्यायचा, मग वर न्यायची. पावसाचं पाणी तारेवरून ओघळत येतं. झोलाच्या तळाशी आलं की तिथून थेंब पडतो, पुढे चढत नाही. कोकणातल्या घराच्या वळचणीला पागोळ्या पडतात तसं. मला हा झोल त्या दिवशीच्या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटली. एक पैसा खर्च नाही, फक्त वीतभर वायर जास्त.

हलणाऱ्या जागेला वेगळी ढील लागते. माझ्या जीपची काच बिजागरीवर पुढे पडते. पूर्वीच्या कुणी मालकानं काचेच्या चौकटीवर एक छोटा दिवा लावला होता, त्याची तार बिजागरीपाशी ताणलेली होती. काच प्रत्येक वेळी पाडताना ती तिथेच वाकायची, आणि शेवटी आतल्या आत तुटली. बाहेरून आवरण शाबूत, आत तांबं दोन तुकडे. दाव्याला ढील नसेल तर जनावर मान मोडून घेतं. मिस्त्रींनी तिथे तारेचा मोकळा वळसा ठेवला, त्यावर जाळीदार स्लीव्ह चढवली, आणि वळशाच्या दोन्ही बाजूंना क्लिप मारल्या, म्हणजे वाकण्याचं काम वळसाच करील, टोकं करणार नाहीत.

हे लिहिताना मला दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची आठवण येते, जिच्या घराण्यातली माझी गाडी आहे. त्या विलीज जीपचे हेडलाइट बिजागरीवर बसवून पंखाकृती नटनं आवळलेले होते. नट सैल करून दिवा मागे उलटा फिरवला की त्याचा उजेड थेट इंजिनवर पडायचा. रात्री रानात गाडी दुरुस्त करणाऱ्या सैनिकासाठी ती सोय. ते जमायचं, कारण दिव्यामागच्या तारेला कारखान्यातच तेवढी ढील दिलेली होती. शिवाय त्याच गाडीला झाकलेले, फटीएवढाच उजेड देणारे ब्लॅकआउट दिवेही होते, शत्रूच्या विमानाला ताफा दिसू नये म्हणून. किती उजेड, कुणासाठी, कुठल्या दिशेला, याचा विचार या गाडीच्या जन्मापासून तिच्याबरोबर आहे. महिंद्रांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जुळवायला घेतल्या, आणि आज थार नाशिकला तयार होते. मिस्त्रींच्या शेडपासून तो कारखाना फार लांब नाही. शिफ्ट सुटली की रस्ता भरतो, हे ते घड्याळासारखं वापरतात.

अशाच एका संध्याकाळी एक तरुण नवी थार घेऊन आला. टपावर लांब एलईडी बार हवा होता, १२० वॅटचा. मिस्त्रींनी त्याला चहा दिला आणि धुक्याबद्दल विचारलं. तो दर महिन्याला आंबोलीला जातो म्हणाला. मग टपावर नको, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. डोळ्यांच्या वरून येणारा पांढरा झोत धुक्याच्या थेंबांवरून सरळ डोळ्यांत परततो, बॉनेटवर चमकतो, आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात दिवा खाली हवा, बंपरच्या पातळीला, रुंद आणि वरून कापलेल्या झोताचा. तरुणाला ते पटलं नाही, पण त्यानं बार बंपरवर घ्यायचं मान्य केलं.

नव्या गाडीत तारांची शिस्त अजून कडक. हेडलाइटची तार सोलून त्यात जोड घालायची नाही. त्या तारेवर संगणक लक्ष ठेवून असतो, जास्तीचा भार दिसला की तो बिघाड नोंदवतो. अनेक नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा सेन्सर असतो. जादा दिव्यांचा अर्थ त्या टर्मिनलला थेट बांधला की तो करंट सेन्सरला दिसतच नाही, त्याचा हिशेब चुकतो. अर्थ चॅसिसला द्यायचा, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, वर ग्रीस लावून. टपावरून तार उतरवायची असेल तर पुढच्या खांबाच्या आतून कोंबायच्या आधी तिथे एअरबॅग नाही ना ते पाहायचं, कारण काही गाड्यांत ती तिथेच घडी घालून ठेवलेली असते आणि वाटेत आलेली तार तिच्या उघडण्याला अडवते. एलईडीचं आणखी एक वेगळेपण: हॅलोजनला व्होल्टेज कमी मिळालं की तो मंद होतो, चांगल्या एलईडी बारमधला ड्रायव्हर मात्र उजेड कायम ठेवण्यासाठी जास्त करंट ओढतो. तार बारीक असेल तर दिवा तक्रार करत नाही, तारच तापत राहते. म्हणून एलईडी कमी खातो या समजुतीवर बारीक वायर घालणं धोक्याचं.

कायद्याची गोष्ट मी त्या तरुणाला सांगितली, कारण मिस्त्री गिऱ्हाइकाला ती सांगायला संकोचतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १११ व्या नियमानुसार नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट चालत नाही. मी या नियमाच्या बाजूची आहे. घाटात समोरून बार पेटवून येणारी गाडी मी अनुभवली आहे. त्या दोन सेकंदांत कठडा कुठे संपतो ते दिसत नाही. हे दिवे रस्ता संपतो तिथून पुढे वापरायचे. माझ्या जीपवर डांबरावर असताना त्यांना झाकणं असतात, आणि स्विचची तार अशी घेतली आहे की हेडलाइटचा हायबीम लावल्याशिवाय जादा दिव्यांचा रिले जोडलाच जात नाही. समोरून कुणी आलं, मी डिपर दिला, की जादा दिवे आपोआप विझतात. माझ्या विसरण्यावर काही सोडलेलं नाही.

गोव्यात २०१४ साली रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड गाड्यांच्या स्पर्धेची भर पावसातली भारतीय फेरी सुरू झाली. मूळ स्पर्धा मलेशियातली, १९९७ ची. एका वर्षी गोव्याची फेरी पाहायला गेले होते तेव्हा माझं लक्ष गाड्यांच्या उड्यांकडे होतं. आज गेले तर तारांकडे असेल. लाल चिखलाचं पाणी बॉनेटवरून जातं, आणि बाहेर निघाल्यावर गाडीला विंच ओढायचा असतो. पूर्ण भाराखाली मोठा विंच ४०० अँपिअरच्या घरात करंट मागतो. त्या क्षणी दिवे मंदावतात आणि अर्थचा प्रत्येक कच्चा जोड उघडा पडतो. अशा ठिकाणी मुरगळून टेप मारलेला जॉइंट टिकत नाही. सोल्डर केलेलाही नेहमी टिकत नाही, कारण कथिल तारांच्या आत चढून तेवढा तुकडा कडक करतं आणि जिथे कडक भाग संपतो तिथे हादऱ्यानं तार तुटते. नीट चिमट्यानं दाबलेलं क्रिंप, आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी, रबरी सील असलेला कनेक्टर, एवढंच तिथे चालतं. गोव्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

खराब जोडाची ताकद किती असते ते मिस्त्रींनी गणितानं दाखवलं, आणि मी ते घरी येऊन पुन्हा मांडून पाहिलं. जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम, त्यातून १० अँपिअर. करंटचा वर्ग गुणिले रोध: १० वॅट. दुकानात मिळणारा लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. म्हणजे टेपच्या चिंधीत गुंडाळलेल्या त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत जवळपास अर्धा सोल्डरिंग आयर्न पेटलेला, शेजारी डिझेलचा पाइप.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. तार सुतळीच्याच वाटेनं गेली. दर वीतभर अंतरावर क्लिप, एक्झॉस्टपासून दूर, स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर, फायरवॉलमधून मूळच्या ग्रोमेटच्या मोकळ्या कोपऱ्यातून, सगळीकडे खाचदार नळी आणि तिच्यावर कापडी टेप. मीटर पुन्हा लावला: बॅटरीवर १३.८, दिव्यामागे १३.५. अर्थ तपासायला त्यांनी दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या अर्थ बोल्टला लावलं, ०.१ च्या आत काटा राहिला तेव्हा मान डोलावली. मग दिवे अर्धा तास पेटते ठेवले आणि इंजिन बंद करून हाताच्या तळव्यानं तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेले, आजारी लेकराच्या अंगावरून हात फिरवावा तसे. रिलेजवळ थांबले, पुन्हा हात ठेवला, पुढे गेले. कुठेच ऊब नव्हती.

मी पैसे देत असताना ते पेन्सिल शोधत होते. पावती लिहीत असतील असं वाटलं. त्यांनी वहीचं पान फाडलं, त्यावर बॅटरी, फ्यूज, रिले, दिवे असे चौकोन काढले, त्यांना जोडणाऱ्या रेघा मारल्या, प्रत्येक रेघेवर वायरचा रंग आणि जाडी लिहिली. फ्यूजच्या चौकोनात मोठ्या अक्षरात १५. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं चारही कडांनी लावलं.

"हे कशाला काका? मी काय उघडणार नाही."

"तुम्ही नाही ताई. पुढं कुठं बंद पडली तर तिथला मिस्त्री उघडील. त्याला काय माहीत, मी कुठून नेली."